एमलिन सुतार आणि चॅपलचे बाक

वेल्समधल्या पॉन्तवेनमध्ये आडनावावरून माणूस सापडत नाही. निम्मं गाव जोन्स, उरलेल्यातलं निम्मं विल्यम्स. म्हणून ज्याचा जो धंदा, तेच त्याचं आडनाव. एमलिन बेब हा खरं तर गावात एकुलता एक बेब, पण त्यालाही सगळे एमलिन सुतारच म्हणत. आजोबा सुतार, वडील सुतार. पाटीच्या दगडाची खाण चालू होती तोवर खाणीच्या शिड्या त्यांनी केल्या, आणि खाण बंद पडल्यावर लोकांची स्वयंपाकघरं.

गावात रस्ते दोनच, तरी फुटबॉल क्लबचं नाव मात्र पॉन्तवेन टाउन. या टाउनकडून एमलिन चौदा वर्षं बचावफळीत डावीकडून खेळला. चौदा वर्षांत त्याच्या नावावर एक गोल. तोही अर्ध्या मैदानातून चेंडू लांब मारायला गेला आणि डोंगरावरून उतरलेल्या वाऱ्याने तो थेट जाळ्यात नेऊन टाकला. ‘वाऱ्याचा गोल’ असं तो स्वतःच म्हणायचा. पण त्या दिवशी चहाच्या खिडकीत उभी असलेली नेरिस म्हणाली, “वारा सगळ्यांनाच होता की, बाकी कुणाला नाही जमलं ते.” पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

गुडघा गेला तेव्हा एमलिन बत्तीस वर्षांचा होता. खेळ सुटला, मैदान नाही सुटलं. नेरिस क्लबची सेक्रेटरी झाली आणि तो क्लबचा सुतार. कुंपण, फाटक, राखीव खेळाडूंचं छप्पर, सगळं त्याच्या हातचं. पाहुण्या संघाच्या खोलीचं दार दर मोसमात हरल्याच्या रागात लाथेने फुटायचं, ते तो पुन्हा बसवून द्यायचा. दार तीनदा फुटलं तर मोसम चांगला गेला, असा त्याचा हिशेब. मध्ये सहा वर्षं अशी गेली की दाराला साधा ओरखडाही नाही. अकरा माणसं जमवताना नाकी नऊ यायचे, आणि एकदा तर नऊ जणांवरच सामना खेळून बारा गोल खाल्ले. त्या दिवशी पाहुण्यांनी जाताना दार हलक्या हाताने लावून घेतलं, याचं एमलिनला फार वाईट वाटलं.

मग दिवस पालटले. गेथिन नावाचा एक प्लंबर लग्न करून गावात आला. हा गेथिन गोलकीपर निघाला, आणि तोही असा की पेनल्टी मारणाऱ्याचा पायच लटपटावा. त्याच्यामागोमाग शेजारच्या गावातून दोन शाळामास्तर आले, एक मेंढपाळ आला. शनिवारी सामन्यामागे हातावर ठेवतात ते मानधन चहापाण्यापुरतंच, पण पोरं जीव तोडून खेळायची. त्या मोसमात दार पाच वेळा फुटलं. एप्रिलमध्ये पॉन्तवेन टाउन आपल्या गटात पहिला आला. ऐंशी वर्षांत पहिल्यांदाच वरच्या लीगचं दार उघडलं.

आणि त्याच आठवड्यात लीगचं पत्र आलं. नेरिसने ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. वर यायचं असेल तर मैदानावर छपराखाली शंभर माणसांना बसायची सोय पाहिजे, आणि तीही जुलै संपायच्या आत. नाहीतर आहात तिथेच राहा.

“आपल्याकडे किती आहेत?” एमलिनने विचारलं.

“छपराखाली? चहाच्या खिडकीपुढची दोन स्टुलं.”

“आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या तर?”

“गेल्या हिवाळ्यात राखीव खेळाडूंची खुर्ची उडून नदीपलीकडे गेली होती. विसरलास?”

छपराची अडचण नव्हती. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीचे पत्रे आणि खांब मालकाने काढून न्यायला सांगितले होते. प्रश्न होता तो बसायचं कशावर याचा.

गावात बसायच्या जागा भरपूर होत्या, फक्त चुकीच्या ठिकाणी. गावचं प्रार्थनाघर, एबेनेझर चॅपल, बांधलं तेव्हा खाणीत सातशे माणसं होती, त्यामुळे आत चारशे जणांची सोय. आता सभासद उरले होते नऊ. त्या वसंतात चॅपल बंद करायचं ठरलं होतं, आणि बाक कुठल्यातरी मोठ्या शहरातला जुन्या सामानाचा व्यापारी नेणार होता, दारूच्या गुत्त्यांत शोभेला लावायला. हे एमलिनला कळलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “नेरिस, मी ओल्वेनबाईंना भेटून येतो.”

“एकटा?” नेरिस म्हणाली. “डोकं ठिकाणावर आहे ना?”

ओल्वेन हम्फ्रीज म्हणजे गावातल्या तीन पिढ्यांच्या बाई. शाळेतही त्याच शिकवायच्या आणि रविवारच्या वर्गातही त्याच. वय एक्याऐंशी, पाठ ताठ, चॅपलच्या किल्ल्या अजून त्यांच्याच कमरेला. त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर उरलेल्या आठांपैकी एकाचीही ‘हो’ म्हणायची टाप नव्हती.

बाई चॅपलमध्येच सापडल्या, स्तोत्रांची पुस्तकं खोक्यात भरत होत्या. एमलिनने टोपी काढून हातात घेतली. चोपन्न वर्षांच्या माणसाला बाईंपुढे आपण अकरा वर्षांचे आहोत असं वाटू लागलं. जे बोलायचं ते त्याने एका दमात बोलून टाकलं.

बाईंनी हातातलं पुस्तक नीट ठेवलं. “इकडे ये,” म्हणाल्या, आणि त्याला उजवीकडच्या सहाव्या रांगेत घेऊन गेल्या. बाकाच्या पाठीवर पटाशीने कोरलं होतं: ए. बी. १९६८. शेजारी गोल काढलेला चेंडू.

“हे कुणी केलं?”

एमलिनचे कान लाल झाले. “तुम्हाला माहीत होतं, बाई?”

“अख्ख्या वर्गात पटाशी एकाकडेच होती. त्रेचाळीस वर्षं मी वाट बघतेय, तू स्वतः येऊन सांगशील म्हणून.” मग त्या खाली बसल्या. “एमलिन, बाक गुत्त्यांत जाणार याचं मलाही दुःख आहे. पण तिकडे तरी मला बघावं लागणार नाही. तुझ्या मैदानात ते रोज माझ्या डोळ्यांपुढे. माझे वडील सतराव्या नंबरच्या बाकावर बसायचे. त्याच बाकावर बसून लोकांनी पंचाला शिव्या द्यायच्या?”

एमलिन घुटमळला. हे सांगावं की नाही, असं त्याच्या मनात आलं. पण आता माघार घेऊन उपयोग नव्हता.

“बाई, राग मानू नका. तुमचे वडीलही द्यायचे.”

“काय म्हणालास?”

“आजोबा सांगायचे. दर शनिवारी खाणीतून सुटले की दोघे गोलच्या मागे उभे राहायचे. आजोबा गरीब माणूस, पण तुमच्या वडिलांचा आवाज म्हणे पार नदीपलीकडे जायचा. एकदा पंचानेच खेळ थांबवून त्यांना विचारलं होतं, तुम्ही येता का शिट्टी घ्यायला?”

बाईंनी मान खाली घातली. चॅपलच्या उंच खिडकीतून ऊन आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती. एमलिनला वाटलं, संपलं सगळं. इतक्यात बाईंचे खांदे हलू लागले. आधी त्याला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

“रविवारी त्यांचा आवाज कायम बसलेला असायचा,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “स्तोत्र म्हणताना नुसते ओठ हलवायचे. आई म्हणायची, खाणीची धूळ गं बाई. मी लहान होते. माझ्या मैत्रिणींचे वडील त्या धुळीने गेले होते. दर रविवारी मी त्यांच्या तोंडाकडे बघत काळजी करत बसायचे. आणि हा माणूस...” त्यांना पुन्हा हसू आवरेना. “आईलाही फसवलं त्याने.”

“कदाचित आईंना माहीत असेल.”

“असेल. आईला सगळं माहीत असायचं.”

बाक द्यायला बाई तयार झाल्या, पण दोन अटींवर. सतरा नंबरचा बाक त्यांचा. आणि स्टँडमध्ये वेल्शमध्ये शिवी द्यायची नाही.

“आणि इंग्रजीत?” एमलिनने विचारलं.

“ती भाषा कशासाठी वापरायची ते ज्याचं त्याने ठरवावं.”

मे महिन्यात बाक सुटू लागले. जुन्या पाइनचे, एकेक इतका जड की चार माणसं लागायची. गेथिनने ट्रॅक्टर आणला, मास्तरांनी शनिवार-रविवार दिले, नेरिसने किटलीभर चहा आणि मनुका घातलेला ‘बरा ब्रिथ’ हा वेल्श पाव. एमलिनने चौतीस बाक मेंढ्यांच्या गोठ्यात नेऊन रचले, कीड लागलेलं लाकूड वेगळं काढलं आणि उरलेल्यातून स्टँडच्या मापाचे पंचवीस बाक कापून घेतले. त्याच्या उभ्या आयुष्यात इतकं चांगलं लाकूड त्याच्या हाताखाली आलं नव्हतं. रंधा मारला की सव्वाशे वर्षांपूर्वीच्या राळेचा वास यायचा. घरी जेवायला बोलवायला नेरिसला स्वतः यावं लागायचं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लीगचा तपासनीस आला. उंच, किडकिडीत माणूस, हातात मोजपट्टी. स्टँड बघून तो थबकला. मग चष्मा पुसून म्हणाला, “सुंदर आहे. पण चालणार नाही. प्रत्येकाची जागा वेगळी पाहिजे, आणि तिला नंबर पाहिजे. बाकावर काय, दहा जणही कोंबून बसतील.”

“चॅपलमध्ये बसायचेच की,” मागून कुणीतरी म्हणालं.

“आज तेवीस तारीख,” तपासनीस म्हणाला. “मी तीसला परत येतो. त्यापुढे माझ्या हातात नाही.”

बाकांवर नंबर होते, पण एका बाकाला एक. जागा हव्यात शंभर. त्या दुपारी मंडळी खिन्न होऊन मैदानावरच बसून राहिली. गेथिन म्हणाला, “एक वर्ष अजून खाली काढू. काय बिघडतं?” एमलिन उठला आणि चॅपलकडे चालू लागला. वरच्या सज्जाचा लाकडी कठडा अजून तसाच होता, कातीव खांबांचा. त्याने खांब मोजले. शंभराहून जास्त भरले.

पुढचे सात दिवस पॉन्तवेनमध्ये कुणाचा नळ दुरुस्त झाला नाही, कारण प्लंबर पॉलिश पेपर घासत होता. एमलिनने एकेक खांब उभा चिरून, दोन बसणाऱ्यांच्या मध्ये हात टेकायला बसवला. मेंढपाळाने भोकं पाडली, मास्तरांनी स्क्रू आवळले. नंबर ओल्वेनबाईंनी घातले, स्वतः बसून, पांढऱ्या रंगाने, फळ्यावर लिहायच्या तशा वळणदार अक्षरात.

तीस तारखेला धो धो पाऊस होता. तपासनीसाने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या जागा मोजल्या. मग त्रेसष्ट नंबरवर बसला. पाय पुढे घेतले. गुडघे पुढच्या बाकाला टेकले.

“गुडघ्यांना जागा कमी पडते,” तो म्हणाला.

त्याने खिशातून कागद काढला.

“पण माझ्या गुडघ्यांना आगगाडीतही कमीच पडते.” त्याने कागदावर सही केली आणि नेरिसच्या हातचे बरा ब्रिथचे तीन तुकडे खाल्ले.

वरच्या लीगमधला पहिला सामना पॉन्तवेन चार-शून्यने हरला. बाई आपल्या सतरा नंबरच्या बाकावर, गुडघ्यांवर शाल घेऊन बसल्या होत्या. नियम त्यांना ठाऊक नव्हते. मध्यंतरापर्यंत त्यांनी एमलिनकडून ऑफसाइड समजावून घेतलं आणि शेवटची वीस मिनिटं त्या ते शेजारच्यांना समजावून देत होत्या, एमलिनपेक्षा बऱ्यापैकी सोपं करून. पहिल्या वर्षी संघ कसाबसा तगला. मोठ्या गावांचे संघ बस घेऊन यायचे, त्यांचे लोक बाकांचे फोटो काढायचे. एका पाहुण्या कप्तानाने दाराला लाथ घातली, आणि मग एमलिनला शोधत येऊन माफी मागितली. दुसऱ्या वर्षी गेथिनचा खांदा निखळला, एक मास्तर बदली होऊन गेला, आणि एप्रिलमध्ये पॉन्तवेन टाउन पुन्हा खाली आला. शेवटचा सामना संपल्यावर स्टँडमधले लोक लगेच उठले नाहीत. मग कुणीतरी एक स्तोत्र सुरू केलं, बाकीच्यांनी सूर धरले. इतकी वर्षं त्या बाकांवर तेच तर झालं होतं. खेळाडू चिखलातच थांबून ऐकत राहिले.

मे महिन्यात एमलिन बाकांना तेलाचा हात देत होता. ऊन चांगलं होतं. पलीकडच्या उतारावर कोकरं ओरडत होती. गेथिन, खांदा बरा झालेला, कुंपणावर टेकून बघत होता.

“वाईट नाही वाटत, परत खाली आल्याचं?” त्याने विचारलं.

एमलिनने फडकं तेलात बुडवलं. “दोन वर्षं वर जाऊन बघून आलो. तिकडेही पाऊसच होता.”

“पण पुढच्या वर्षी जायचं ना परत?”

“तू पेनल्टी अडव, मी बाक सांभाळतो.” एमलिनने त्याच्याकडे दुसरं फडकं फेकलं. “आणि आता उभाच आहेस तर ती मागची रांग घे. अठ्ठ्याऐंशीपासून.”

गेथिन कुंपणावरून उडी मारून आत आला. दोघे संध्याकाळच्या चहापर्यंत बाक पुसत बसले, आणि येत्या मोसमात डावीकडून कोण खेळेल यावर त्यांचं काही केल्या एकमत होईना.