तीन गेअरची सायकल

भावाचं म्हणणं सरळ होतं. जे उघडून पाहता येत नाही ते घेऊ नये.

वाशिमच्या सायकलच्या दुकानात आम्ही तिघं उभे होतो. बाबा, मोठा भाऊ आणि मी. समोर दोन सायकली. एक काळी, दांडीची, उघड्या चेनची, जशी मास्तरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांकडे असायची. दुसरी हिरवी, बायकांची, खाली वाकलेल्या नळीची. कुण्या साहेबाच्या बायकोने बदलीच्या वेळी विकून टाकलेली विलायती. तिची चेन पत्र्याच्या पेटीत पूर्ण झाकलेली होती, आणि मागच्या चाकाच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधोमध असतं त्या जाड नळकांड्यात, तीन गेअर बसवलेले होते. हँडलजवळ अंगठ्याने दाबायचा एक खटका. बाहेरून बाकी काहीच दिसत नव्हतं.

मला हिरवीच पाहिजे होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे ही. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता आणि मी नुकतीच नर्स झाले होते. मानोऱ्याकडच्या एका गावात उपकेंद्र, तिथून पुढे टेकाडांवर तांडे. घरून उपकेंद्र, उपकेंद्रातून तांडे, आणि दिवेलागणीच्या आत परत घर. एसटी फक्त डांबरी सडकेपुरती. ट्रेनिंगमध्ये एकदा उघड्या चेनने माझ्या साडीच्या निऱ्या गिळल्या होत्या. भर बाजारात, सगळ्यांसमोर, मी सायकलीला बांधल्यासारखी पडून होते आणि एक म्हातारा माझी साडी विळ्याने कापत होता. ते मी भावाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने सायकलच नको म्हटलं असतं.

"हिले दांडीच नाई," भाऊ म्हणाला. "पावसाळ्यात खांद्यावर कशी घेशीन?"

त्याचं बोलणं काही वेडेपणाचं नव्हतं. आमच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल मडगार्डमध्ये असा भरतो की चाक फिरत नाही. मग माणूस उतरतो, दांडीखाली खांदा घालतो आणि सायकल उचलून चालू लागतो. दांडीवर जुनं पोतं गुंडाळून ठेवतात ते त्यासाठीच.

"म्या खांद्यावर घ्यासाठी नाई घेऊन राह्यली," मी म्हटलं. "बसासाठी घेऊन राह्यली."

दुकानदार मधे पडला. "बाई, हे अंदरका काम हाये. पानी जात नाही, चिखल जात नाही. चढावर खटका दाबा, पाय हलके. फक्त महिन्याले मशीनचं पातळ तेल, इथून." त्याने हबावरचं इवलंसं झाकण नखाने उघडून दाखवलं आणि तेलाच्या कुपीचं टोक पुढे केलं.

बाबांनी तेलाचा एक थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला. "हे तेल हाये का पानी?" ते म्हणाले आणि बोट धोतराला पुसलं.

भावाने हात मागे बांधले. तो असा उभा राहिला की मला कळायचं, आता काहीतरी येणार. "घेऊ द्या तिले," तो बाबांना म्हणाला. "पन एक गोष्ट. एक डाव जरी ही सायकल खांद्यावर घेऊन गावात आली, त त्या दिवशी नोकरी बंद. मंग रिसोडच्या पाहुन्यायले हो म्हनाचं. रस्त्यात एकटी बाई, बंद पडलेली सायकल, अन् सांज. मले हे नाई चालत."

रिसोडच्या पाहुण्यांचं धान्याचं दुकान होतं आणि त्यांना सून घरात पाहिजे होती. भाऊ वाईट नव्हता हो. त्याला खरंच भीती वाटायची. पण त्याच्या भीतीची किंमत मी का मोजायची, हे मला तेव्हाही समजलं नाही आणि आजही समजत नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. म्हणाले, "बरं."

आमच्या घरात बाबांचं 'बरं' म्हणजे संपलं. त्याच्यावर अपील नाही. मी तावातावाने म्हटलं, "कबूल." माझ्या पहिल्या पगारातून ती हिरवी सायकल आली आणि तिच्याबरोबर ही अट आली.

सायकल चांगली होती, अगदी सोन्यासारखी. टेकाडाच्या पायथ्याशी खटका दाबला की आत कुठेतरी बारीक टकटक व्हायची आणि पाय हलके पडायचे. निऱ्या मोकळ्या, पायाला काळं नाही. पण सुख म्हणून काही लाभलं नाही. टकटक जरा वेगळी ऐकू आली की मी उतरून चाक फिरवून पाहायची. पाऊस लागल्यावर मी कडेकडेच्या मुरमाड पट्टीवरून चालवायची, चाकापुढची जमीन सोडून दुसरं काही पाहायची नाही. संध्याकाळी घरी आले की भाऊ ओसरीवर बसलेला असायचा. तो माझ्या तोंडाकडे पाहायचाच नाही. खांद्याकडे पाहायचा, चिखल लागला का म्हणून. माझं डोकं असं फिरायचं. एकदा मी उलटी वळून त्याला पाठसुद्धा दाखवली. म्हटलं, "घे, पाहून घे, इकडूनही कोराच हाये."

पोळा आला. पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात. पळसाची पानं निखाऱ्यावर गरम करायची, खांद्याला हळद-तूप लावायचं आणि पानांनी हळूहळू शेकायचं. मग बैलाच्या कानाशी जाऊन जेवायचं आवतन द्यायचं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाबा हे सगळं मन लावून करायचे. माणसांशी बोलायचे नाहीत तेवढं बैलांशी बोलायचे.

त्या सांजेला मी चुलीपाशी होते. बाबांनी बैल शेकले, मग निखाऱ्याजवळच वंगणाचा डबा गरम करत ठेवला आणि बैलगाडीच्या आसाला वंगण घातलं. एरंडीचं तेल आणि जळक्या चिंध्यांची काजळी, असं ते काळं, चिकट वंगण घरीच बनायचं. नंतर मायने मला हाक मारून बाहेर बोलावलं. पाहते तर बाबांनी माझी सायकल बैलांच्या रांगेत उभी केली होती आणि तिच्या हँडलला गरम पान लावून शेकत होते.

"हे काय करून राह्यले?" मी विचारलं.

"काहून? हे नाई वाहत काय ओझं?" बाबा म्हणाले. "माह्या पोरीले वाहते."

माय हसली, मी हसले, भाऊसुद्धा हसला. कित्येक दिवसांत आम्ही असे एकत्र हसलो नव्हतो.

पोळ्याच्या सकाळी तांड्यावरून माणूस धावत आला. त्याच्या भावजयीला कळा लागल्या होत्या. मागच्या बाळंतपणात तिचं रक्त थांबता थांबत नव्हतं, ती मरता मरता वाचली होती, आणि या वेळी मी येईन असं मी तिच्या हातावर हात ठेवून सांगितलेलं होतं. भाऊ एवढंच म्हणाला, "पोळा फुटायच्या आत ये." माणूस पायवाटेने पुढे गेला. मी पिशवी कॅरियरला बांधली आणि निघाले.

सपाटीवर कसंबसं जमलं. पायडल जड लागत होतं, टकटक ऐकूच येत नव्हती. मी मनाला समजावलं, रात्रीचा पाऊस आहे, चिखल आहे. नाला ओलांडला, टेकाडाचा चढ आला, खटका दाबला आणि पायडल एकदम हलकं झालं. इतकं हलकं की पाय गरकन फिरला आणि मी तोंडावर आपटता आपटता राहिले. चेन फिरत होती, चाक फिरत नव्हतं. खटका वर केला, खाली केला. पायडल नुसतं फिरायचं, रिकाम्या मोटेसारखं. मी खाली उतरले आणि तिथेच उभी राहिले.

पोळ्याच्या दिवशी शेतात चिटपाखरू नसतं. बैलाच्या खांद्यावर त्या दिवशी जू ठेवत नाहीत, म्हणून माणसंही गावातच. हाक मारावी तर ऐकायला कोणी नाही. ढकलायला गेले तर मडगार्डमध्ये चिखल घट्ट बसलेला, चाक जाम. काडीने उकरला, दहा पावलांवर पुन्हा भरला. सायकल तिथेच टाकून पिशवी घेऊन पळावं, असंही वाटलं. पण रस्त्यात नर्सबाईची सायकल पडलेली कोणी पाहिली असती तर गावभर झालं असतं, आणि विलायती सायकल उचलून नेली असती ती वेगळीच. मी तिची वाकडी नळी खांद्यावर घेतली. दांडी नव्हतीच. नळी गळ्याशी रुतली, पायडल बरगडीत घुसलं. भावाचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि मी त्याला मोठ्याने शिवी दिली. ऐकायला कोणी नव्हतं तेच बरं झालं.

तांड्यावर पोचले तेव्हा पदर चिखलाने भरला होता आणि उजवा खांदा पेटला होता. पोरगी अजून धीर धरून होती. तांड्यातल्या म्हाताऱ्या सुईणीने गरम पाणी तयार ठेवलं होतं. बाळ झालं, मुलगा. मग रक्त सुरू झालं, मी इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिले, चोळत राहिले, आणि रक्त थांबलं. पोरीने डोळे उघडून मला विचारलं, "बाई, तू रडून काहून राह्यली?" मी म्हटलं, "घाम हाये."

परत येताना नाल्यात मी सायकल धुतली. हबावरचं ते इवलंसं झाकण नखाने उघडलं आणि आतून काळी, चिकट तार ओघळली. नाकाशी धरली. एरंडी. काजळी. आमच्या बैलगाडीचा वास.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. पातळ तेल म्हणून दुकानदाराने समोर सांगितलं होतं. बोटावर घेऊन दाखवलं होतं. आणि बाबांनी आपलं घट्ट, भरवशाचं, आसाला वर्षानुवर्षं घातलेलं वंगण गरम करून, पातळ करून, त्या बारीक भोकातून आत ओतलं होतं. रात्रीत ते गार होऊन पुन्हा घट्ट झालं आणि आतले गेअर चिकटून बसले. बैलांबरोबर शेकताना, मायेने. माझी नोकरी त्या मायेने बुडवली होती. मी ठरवलं, सांगायचं. सगळ्यांसमोर सांगायचं. अट बाबांनी मान्य केली होती, आता बाबांनीच निस्तरावी.

गावात शिरायचा रस्ता पोळ्याच्या मैदानाशेजारूनच. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली सगळ्या गावाच्या बैलजोड्या, रंगवलेली शिंगं, झुली, सनई. आणि मी, नाल्यापुढच्या चिखलात चाक पुन्हा जाम झालेली सायकल खांद्यावर घेऊन. आधी लेकरं गप्प झाली, मग बाया. भाऊ गर्दीतून पुढे आला. त्याने माझ्या खांद्याकडे पाहिलं. तो खूश नव्हता, हे मी सांगितलं पाहिजे.

"उद्यापासून बंद," तो हळू आवाजात म्हणाला.

बाबा बैलांची वेसण धरून उभे होते. नवं धोतर, कपाळाला कुंकू. वर्षातून एक दिवस ते असे ताठ उभे राहायचे. मी तोंड उघडलं. त्यांच्याकडे पाहिलं आणि मला बोलवलंच नाही. सगळं गाव पाहत होतं. मी सायकल खाली ठेवली. बाबा वेसण कोणाच्या तरी हातात देऊन आले, हबावर ओघळलेलं काळं अंगठ्याने पुसलं आणि अंगठा नाकाशी नेला. बराच वेळ तिथेच धरला. मग बैलांकडे परत गेले.

घरी पुरण झालं होतं. मी जेवले नाही. परसात दगडावर बसले. रिसोडच्या धान्याच्या दुकानाच्या मागची खोली कशी असेल, याचा विचार करत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. भाऊ दारात उभा होता, आत यावं की जावं न कळून.

बाबा आले. हातात निखाऱ्यांचं घमेलं, काखेत पळसाची पानं. माझ्याजवळ खाली बसले, एक पान गरम केलं आणि माझ्या उजव्या खांद्यावर, पदरावरूनच, ठेवलं. मी दचकले. त्यांनी पान दाबून धरलं. मग दुसरं. आदल्या सांजेला बैलांना लावत होते तसंच, घाई न करता.

"सायकल आपून होऊन नाई बसली," ते भावाकडे न पाहता म्हणाले. "वंगन म्या टाकलं. म्या बसवली."

भाऊ परसातल्या सायकलीपाशी गेला, उकिडवा बसला आणि काडी घेऊन मडगार्डमधला चिखल काढू लागला.

बाबांनी शेवटचं पान निखाऱ्यावर धरलं, उलटंपालटं केलं, माझ्या खांद्यावर ठेवलं आणि माझ्या कानाशी वाकले, बैलाच्या कानाशी वाकायचे तसे.

"आज जेवून घे," ते म्हणाले. "उद्या कामाले जाजो."