भिंतीवरचा घास

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगते. गावात, जिंतूरच्या बाजारात, पाहुण्यांत, जिथं बोलले तिथं लोक म्हणाले, "झाडू मारणाऱ्या बाईला विमानातलं काय कळतंय?" विमानातलं नसंल कळत. पण विमानं का अडतात ते मी मुंबईच्या विमानतळावर डोळ्यांनी पाहिलंय. कोपऱ्यात केर साचतो तसे हे किस्से साचलेत. ऐकायचे नसतील त्यांनी उठून जावं.

नामांतराच्या दंगलीत आमच्या वस्तीतली घरं जळाली. मी, शेजारची शेवंता आणि परभणीकडच्या अजून काही बाया मुंबईला गेलो, एका ठेकेदाराकडं सफाईला लागलो. घराची राख झालेल्या बाया, अन् काम काय, तर फरशी चमकवायची!

*

एकदा पावसानं आखाताची विमानं अडकली. पाथरीचा एक गडी पहिल्यांदाच निघालेला. त्यानं दाराजवळच्या खुर्चीवर रुमाल टाकला आणि स्वतः खाली बसला. मी म्हटलं, "दादा, उचला. पुसायचंय."

"नगं मावशी, जागा जाईल माझी."

"आरं, ही काय पाथरीची यष्टी हाय का? विमानात जागा ठरलेली असती!"

"कंडक्टर बी असंच म्हणतो!"

विमान सुटेपर्यंत त्यानं रुमाल हलवू दिला नाही.

*

एकदा धावपट्टीवर कुत्रं शिरलं. वर विमान घिरट्या घालायलंय, खाली जीप कुत्र्यामागं पळायलीय! मुकादम आमच्यावरच ओरडला, "तुम्ही भाकरी टाकता म्हणून येतात!"

मी म्हटलं, "मागची भिंत पडलीय, तिथून येतात. चला, दाखवते."

"तू झाडू मार."

त्याच भिंतीपलीकडं ठेकेदाराची माणसं विमानातलं उरलेलं जेवण ओतायची. उकिरड्यावर घारी-कावळ्यांची नुसती झुंबड. तेही सांगितलं.

"झाडू मार म्हटलं ना!"

*

हा किस्सा गावाकडचा, पण इथंच सांगावा लागतो. शेवंताचा नवरा दंगलीत पळाला, तो पुन्हा दिसलाच नाही. मेला म्हणावं तर मढं नाही, जिता म्हणावं तर सांगावा नाही. मुंबईला निघायच्या आधी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

शेवंता तोंडाला पदर लावून उभी. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. मी सांगायला गेले.

"तू कोण? बायकोला बोलू दे."

ती बोलली नाही. त्याला शोधायला कोणी निघालं नाही. परतताना रस्ताभर मी तिला शिव्या दिल्या.

*

पितरांचा पंधरवडा आला. जेवणाच्या सुट्टीत शेवंता त्या पडक्या भिंतीवर पत्रावळ मांडताना दिसली. मी तडकले. "आपण बौद्ध ना गं? हे सगळं सोडलं ना आपण?"

"सोडलं, आक्का. पण कावळा शिवला तर गेला असं धरीन. न्हाई शिवला तर वाट पाहीन. दुसरं कोणाला इचारू?"

पत्रावळ उडू नये म्हणून मीच तिच्या कडेवर दगड ठेवला.

कावळा पत्रावळीकडं उतरायला आणि विमान धावत सुटायला एकच गाठ पडली. उकिरड्यावरचा सगळा थवा उधळला. इंजिनात घार गेली, केवढा तरी आवाज झाला! विमान कसंबसं थांबलं. माणसं वाचली. भिंतीवर पाहिलं, तर पत्रावळ दगडाखाली तशीच, वर घास नाही. कावळ्यानं नेला की वाऱ्यानं, कोणी पाहिलं!

मोठा साहेब आला. मुकादमानं त्याला उकिरडा दाखवला नाही, पत्रावळ दाखवली. "पक्षी यांनी बोलावले, साहेब."

मी उकिरड्याकडं बोट केलं. साहेबानं तिकडं मान वळवली नाही. "घास कोणाचा?"

शेवंता पुढं झाली.

"माझ्या नवऱ्याचा."

"म्हणजे हे त्याचं काम! कुठंय तो?"

"तेच तर, साहेब. शोधा."

"शोधणारच! पोलिसांना सांगून जिथं असेल तिथून आणतो त्याला. नाव काय त्याचं?"

शेवंतानं डोक्यावरचा पदर सारखा केला. मान वर केली.

"किसन."