बारा ओळींची चौकट

१९८२ च्या जून-जुलैत स्पेनमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला. मी तेव्हा नागपूरच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. स्पर्धा संपेपर्यंत क्रीडापानावरची एक चौकट रोज भरायचं काम माझ्याकडे होतं.

चौकटीचं शीर्षक 'स्पेन विश्वचषक : गमतीचे आकडे'. मजकूर बारा ओळी. कमी नाही, जास्त नाही. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरने चौकट एकदाच बांधून ठेवली होती आणि रोज मोडायला तो तयार नव्हता. मजकूर टेलिप्रिंटरवरून इंग्रजीत येई. चोवीस संघांत टक्कल पडलेले खेळाडू किती, कोणत्या संघाने मध्यंतरात किती लिंबं चोखली, सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या जोडल्या तर त्या कुठवर पोचतील. डेस्कवरच्या एकानेही स्पर्धेतला सामना पाहिलेला नव्हता. तरी नाड्यांची बेरीज चुकल्याचं एका निवृत्त मास्तरांनी पत्राने कळवलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती छापली गेली.

चौकटीला जागा करायला पानावरचे स्थानिक निकाल वगळले होते. शहरातली फुटबॉल लीग त्यातच गेली. लीगमधला एक गोलरक्षक कापडगिरणीत बदली कामगार होता. कायम कामगार आला नाही तरच त्याला काम मिळे. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या राखीव जागेसाठी त्याला अर्ज करायचा होता. सोबत वर्तमानपत्रात नाव आल्याचं कात्रण हवं होतं. मुदत शनिवारपर्यंत होती. सोमवारपासून तो रोज दुपारी निकालाचा कागद घेऊन येत होता.

"भाऊ, आजही नाही आलं," तो गुरुवारी म्हणाला. "चार मॅच झाल्या. मी एक गोल नाही खाल्ला. काहून नाही छापून राहिले?"

"जागा नाही."

"टकल्यांसाठी आहे नं जागा."

शेजारच्या टेबलावरून मुख्य उपसंपादकांनी ते ऐकलं. "वाचकाले तेच पाह्यजे गा," ते मान वर न करता म्हणाले. "तू टक्कल पाडून ये, तुलेही घेतो."

त्याने कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि तो गेला.

शुक्रवारी दुपारी टेलिप्रिंटर बंद पडला. तोवर दहा ओळींचाच मजकूर आला होता. कंपोझिटर हात पुसत वर आला.

"दोन ओळी कमी पडून राहिल्या, साहेब. काय टाकू? बायकोनं सकाळी किती पोळ्या लाटल्या, ते टाकू का?"

मी गुरुवारचा कागद उचलला. गोलरक्षकाचं नाव, 'नागपूरच्या लीगमध्ये चार सामने, एकही गोल स्वीकारला नाही', एवढं लिहून दिलं. मुख्य उपसंपादकांनी मजकूर वाचला नाही, ओळी मोजल्या. बारा भरल्या. चौकट छापायला गेली.

शनिवारी सकाळी गोलरक्षक आमच्या कचेरीत आला आणि कात्री मागितली.

"दोनच ओळी कापू का, भाऊ?"

"शीर्षकासकट काप. कुठल्या पेपरातलं, कुठल्या तारखेचं, तेही राहू दे."

त्याने वरच्या पट्टीपासून चौकटीपर्यंतचा भाग कापला. दुपारपूर्वी अर्ज जमा झाला.

ऑगस्टमध्ये त्याला निवड चाचणीचं बोलावणं आलं. पत्र दाखवायला तो आला. सोबत उमेदवारांची टाइप केलेली यादी होती. त्याच्या नावापुढे 'स्पर्धा' या रकान्यात 'विश्वचषक, स्पेन' असं होतं आणि 'स्वीकारलेले गोल' या रकान्यात 'शून्य'.

"मी सांगतलं त्या बाबूले, हे चुकलं म्हणून," तो म्हणाला. "तर म्हणे, पेपरात आहे ना? मग तू कोण सांगणारा?"

चाचणीत पाच पेनल्टी मारल्या गेल्या. त्याने चार अडवल्या. सप्टेंबरमध्ये तो शिपाई म्हणून रुजू झाला. यादीतली नोंद त्याच्या सेवापुस्तिकेत जशीच्या तशी उतरवण्यात आली.