आबांची ग्रीस गन

अमावस्येला पिकअपमध्ये माल भरायचा नाही, हा माझ्या सासऱ्यांचा, आबांचा नियम. बाकी घरात त्यांचं कुणी फारसं ऐकत नाही, पण एवढा नियम अजून चालतो. त्या दिवशी गाडी धुवायची, जुनं लिंबू-मिरची काढून नवं बांधायचं आणि मग पुढच्या चाकांच्या बॉल जॉईंटना ग्रीस भरायचं. चाक ज्याच्यावर वळतं आणि खड्ड्यात खालीवर होतं तो हा सांधा, माणसाच्या खुब्यासारखा. त्याला वाटाण्याएवढं एक निपल असतं, त्यातून ग्रीस आत जातं.

ती पिकअप आबांनी माझ्या लग्नाआधीपासून चालवली. आमची वांगी, टोमॅटो, शेजाऱ्यांचे पेरू, सगळं इंदापूर-बारामतीच्या बाजारात त्यांनीच नेलं. मग त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागले. गाडी नवऱ्याकडे आली, शेत माझ्याकडे आलं आणि आबांकडे फक्त चहा आला. घरात जो तो त्यांना म्हणतो, तुमी बसा. मीही म्हणते. चांगल्या कर्त्या माणसाला इतकं बसवून ठेवू नये हे मला कळतं, पण पाटाचं पाणी धरायला त्यांना कसं पाठवणार?

उरलं होतं ते हे अमावस्येचं काम. चाक पुरतं वळवून ठेवायचं. आबा स्टुलावर बसून ग्रीस गन दोन गुडघ्यांत आवळायचे आणि डाव्या हातानं दांडा दाबायचे. मी पोत्यावर आडवी होऊन गनच्या नळीचं तोंड निपलावर धरायची. त्यांना वाकता येत नाही, म्हणून आतलं मीच बघायची. "आलं का?" ते विचारायचे. जुनं काळं ग्रीस सांध्यावरच्या रबराच्या कडेनं बाहेर पडलं की मी म्हणायची, "आलं, आबा." मग ते फडक्यानं पुसून त्यांना दाखवायचं. ते बोटांत चोळून बघायचे, कचकच लागतेय का, पाणी शिरलंय का. त्या दिवशी जेवताना ते आणखी एक भाकरी मागून घ्यायचे.

यंदा गाडी एका बाजूला ओढायला लागली. पळसदेवच्या पुढं खड्ड्यात आदळली की पुढून कटकन आवाज यायचा. भिगवणच्या मिस्त्रीनं जॅक लावून चाक हलवून दाखवलं, तर पडायला आलेल्या दातासारखं हललं. सांधा निसटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं पडेल, म्हणाला. नवऱ्यानं सगळे जॉईंट बदलून घेतले. गाडी दारात आल्यावर आबांनी एवढंच विचारलं, "माजं ग्रीस कमी पडलं का रं?"

"न्हाय वो आबा," नवरा म्हणाला. "वय झालं हुतं त्यांचं."

हे कुठं जाऊन लागलं ते त्याला कळलंसुद्धा नाही.

मग मला गोठ्याकडे बोलावून त्यानं आनंदानं सांगितलं की नव्या जॉईंटना निपलच नाही. ग्रीस आत भरूनच येतं, वरून बंद. आता कटकट नाही. मी जुन्यासारखे आणा म्हटलं. तो म्हणाला, या गाडीला आता हेच येतात. मी त्याला इंदापुरात विचारायला लावलं, बारामतीला माल घेऊन गेला तेव्हा तिथल्या दुकानांत विचारायला लावलं. उत्तर एकच. मिस्त्रीला मी स्वतः फोन केला, तर तो मलाच समजावू लागला की वहिनी, हे चांगले असतात, धूळ जात नाही. खरंच चांगले होते. गाडी लोण्यासारखी वळत होती. सगळ्यांचं बरोबर होतं, त्यामुळे मला भांडायला कुणी उरलं नाही, आणि मी भांडल्याशिवाय जगणारी बाई नाही.

मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टला ग्रीस लागतं, ते आबांना करू दे, असं नवऱ्यानं सुचवून पाहिलं. तो शाफ्ट गाडीच्या पोटाखाली मधोमध. स्टुलावर बसून तिथं गन पोचत नाही हे त्यालाही माहीत होतं. मग आबांना सांगायचं कुणी, यावर आमचं चाललं. तू सांग, म्हणाला. बाप तुमचा, तुमी सांगा, म्हटलं. मांजराच्या गळ्यात घंटा काही कुणी बांधली नाही आणि अमावस्या आली.

सकाळी नवरा गाडी धुऊन, चाक वळवून ठेवून कुठंतरी सटकला. मी मनाशी ठरवून बाहेर आले, तर आबा स्टुलावर बसलेले. एका हातानं त्यांनी गनमध्ये ग्रीस भरलं होतं, सदऱ्यालाही माखलं होतं. "आबा," मी म्हटलं. ते म्हणाले, "पोतं घिऊन ये."

मी पोतं घेऊन आले.

चाकामागं नवा जॉईंट काळाकुळकुळीत, गुळगुळीत, सगळीकडून बंद. नळीचं तोंड धरायला जागाच नव्हती. मी ते माझ्याच तळहातावर धरलं आणि म्हटलं, मारा. गार ग्रीस हातात येऊन साठायला लागलं.

"आलं का?"

"आलं, आबा."

तिथंच मला रडू फुटलं. डोळे पुसायला हात कोरडा नव्हता.

वर दांडा थांबला. "लई हलका जातोय," आबा म्हणाले. भरलेल्या सांध्यात ग्रीस जाताना दांडा हाताला उलटा रेटतो, ते जडपण त्यांच्या डाव्या हाताला पाठ झालेलं होतं. माझ्या तळव्यातून कोण रेटणार? हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता ते फडकं मागतील, म्हणून मी पडून राहिले. त्यांनी मागितलं नाही. स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन बघते, तर ते पाय ओढत, स्टूल ओढत दुसऱ्या चाकाशी जाऊन बसले होते आणि गन गुडघ्यांत धरत होते. माझ्या तोंडाकडं त्यांनी बघितलं नाही.

"हिकडं दोनदाच दाबतो, पोरी," ते म्हणाले. "उगं ग्रीस कशाला वाया घालवायचं?"

मी पोतं तिकडं अंथरलं, आडवी झाले आणि दुसरा तळहात पुढं केला.