बठ्ठं गयं का?

निर्मलाअक्का गेल्याची बातमी मला सरांनी दिली. म्हणजे त्यांनी फोन केला असं नाही, तेवढी माणुसकी कुठली... जळगावात सकाळी चहा घेता घेता पेपर उघडला, तर आतल्या पानावर काळी चौकट. तिचा पासपोर्टएवढा फोटो, खाली सरांच्या संस्थेचं नाव, आणि मग सरांचं नाव, पदव्यांसकट, तिच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. मी अक्षरजुळणीवर पोट भरते, कुणाचा टाइप किती मोठा ते मला नजरेनं कळतं. 'आमच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या गुणी सहकारी' असं त्यात छापलं होतं. ते वाचलं आणि आधी रडू आलंच नाही, आधी राग आला. महिना होऊन गेला, तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

अक्का म्हणजे निर्मला तायडे. धुळ्याला देवपुरात सरांचे कॉम्प्युटरचे क्लास होते, तिथे ती शिकवायची आणि मी मागच्या खोलीत डीटीपी करायचे. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. पंच्याण्णव-शहाण्णवचा काळ. पडद्यावरच्या खिडक्यांवर माउस फिरवायला लोक नुकते शिकत होते, आणि सरांनी कुठूनशी एक फुकटातली सिस्टिम सीडीवरून आणून चार मशीनवर टाकली. तिच्यात नुसता काळा पडदा. नवीन प्रोग्रॅम बसवायचा, जुना काढायचा, काय काय बसवलंय ते बघायचं, सगळं एकाच प्रोग्रॅमला हुकूम टाइप करून सांगायचं. त्याला म्हणायचे पॅकेज मॅनेजर. हुकूम चुकला की तो इंग्रजीत तीन ओळी ओकायचा आणि गप्प बसायचा. त्या तीन ओळी म्हणजे मदत. शिकायला आलेली बँकेतली, शाळेतली माणसं त्या ओळींकडे बघत बसायची आणि दुसऱ्या आठवड्यापासून यायची बंद व्हायची. अक्काला ते फार लागायचं. ती म्हणायची, ज्याला आधीच येतं त्यालाच कळेल अशी मदत काय चुलीत घालायचीय?

म्हणून तिनं हे सगळं मराठीत समजावणारी वही लिहायला घेतली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. लिहिण्याची तिची रीत मात्र न्यारी होती. एक पान लिहून झालं की ती क्लास झाडायला येणाऱ्या शांताबाईला मशीनसमोर बसवायची. शांताबाई सातवी शिकलेली, मराठी नीट वाचायची, इंग्रजी अक्षरं एक एक शोधून दाबायची. अक्का पान तिच्या हातात द्यायची आणि स्वतः मागे उभी राहायची, तोंडातून शब्द काढायचा नाही अशी शपथ घेऊन. शांताबाईचं बोट कुठे अडतं ते बघायचं. अडलं की पानावर त्या ओळीला खूण, आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ नव्यानं. मी एकदा म्हटलं, अक्का, तू नुसतं सांग ना तिला, दोन मिनिटांत होईल. तर म्हणाली, "सुले, वही घरी नेणाऱ्याच्या मागे मी उभी असणारे का? बोट थांबलं, म्हणजे माझं वाक्य कमी पडलं."

एक प्रोग्रॅम दुसऱ्यावर अवलंबून असतो, हे तिनं वांग्याच्या भरतावरून समजावलं होतं. भरीत मागितलंत तर मशीन आधी वांगी आहेत का, मिरची आहे का ते बघतं, नसेल तर तेही आणायला सांगतं. पुढे कधी तुम्ही मिरची काढून टाकायला गेलात तर ते अडवतं, भरीत हिच्यावर आहे, काढू का म्हणून. तेव्हा थांबा. हुकुमात जबरदस्तीचा शब्द घालता येतो, पण घालू नका. शांताबाईनं एकदा नेमका तोच शब्द घातला. पडद्यावर भराभरा ओळी धावल्या आणि मशीन मुकं झालं. तिचा चेहरा उतरला. "बठ्ठं गयं का वं ताई?" सगळंच गेलं का, असं तिच्या अहिराणीत. अक्का तिच्यावर चिडली नाही. दोन दिवस बसून मशीन पुन्हा उभं केलं आणि वहीत एक अख्खं प्रकरण वाढवलं. मथळा तोच ठेवला, शांताबाईच्या तोंडचा. पहिली ओळ होती, 'घाबरू नका, आधी मशीन बंद करू नका.'

वही पुरी झाली आणि सरांनी ती वाचायला म्हणून नेली. आठ दिवसांनी माझ्या टेबलावर आणून टाकली. पुस्तक करायचं, जुळणी कर. कव्हरवर लेखक म्हणून त्यांचं नाव. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. मी चाचरत विचारलं, अक्कांचं नाव कुठे टाकायचं? सर हसले. म्हणाले, "आडनाव बघून पुस्तक हातात घेतात लोक, सुलभा. तुला नाही कळायचं." मला चांगलं कळलं होतं. तायडे आडनाव त्यांना कव्हरवर नको होतं. शांताबाईच्या मथळ्याचं ते शेवटचं प्रकरणही त्यांनी काढायला लावलं, ते गावंढळ दिसतं आणि त्यानं संस्थेची पत जाते म्हणे.

...आणि मी जुळणी केली. हे मला लिहिलंच पाहिजे. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, नोकरी हीच. मी तोंडात मिठाची गुळणी धरून एक एक पान टाइप केलं, सरांचं नाव मधोमध बसवलं, दोन्हीकडची जागा मोजून. अक्का मागून येऊन उभी राहिली तेव्हा पडद्यावर नेमकं तेच पान होतं. मला वाटलं ती आता ओरडेल. ती म्हणाली, प्रूफं मला दाखव गं, तुझ्या वेलांट्या चुकतात. प्रूफं तिनं वहीसकट घरी नेली, चुका एका वेगळ्या कागदावर लिहून आणून दिल्या, आणि त्या महिन्यानंतर ती क्लासला आली नाही. पारोळ्याच्या एका शाळेत लागली, रोज एसटीनं जाऊन येऊन.

सरांना देवानं शिक्षा दिली, पण फार थोडी. पुस्तकाच्या प्रकाशनाला जळगावहून पाहुणे बोलावले होते आणि त्यांच्यापुढे प्रात्यक्षिक करायची सरांना हौस. एक प्रोग्रॅम काढायला गेले, मशीननं अडवलं. पाहुण्यांसमोर मशीन आपलं ऐकत नाही म्हणजे काय, सरांनी जबरदस्तीचा शब्द ठोकला. स्वतःच्याच पुस्तकातलं भरताचं पान वाचलं असतं तरी पुरे होतं. ओळी धावल्या, पडदा थिजला. दारात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली शांताबाई अगदी काळजीनं म्हणाली, "बठ्ठं गयं का, भाऊ?" तो दिवस आठवला की मला अजून पोटभर जेवल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी सरांनी अक्काला निरोप धाडला. मी तिच्या घरी जाऊन सांगितलं, जाऊ नकोस, सडू दे. ती चपला घालत म्हणाली, मशीननं माझं काय वाकडं केलंय? आणि गेली. मला तिचा तेव्हा भयंकर राग आला होता.

शोकसभेला मी गेले. सर पाऊण तास बोलले, अक्काला आपण कसं घडवलं ते. पुस्तक टेबलावर तिच्या फोटोशेजारी ठेवलं होतं, हार दोन्हींना मिळून एकच. आता बोलायला उठते, मग उठते असं करत मी शेवटपर्यंत खुर्चीत बसून राहिले. म्हणून हे लिहिते आहे. या लेखात सरांचं नाव कुठेही नाही हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम आहे. सर, तुम्ही तिचं काढलंत, मी तुमचं काढलं. धुळ्यात ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

मागच्या रविवारी तिचा भाऊ जळगावला आला आणि निळी वही मला देऊन गेला. काविळीनं पंधरा दिवसांत अक्का संपली, पण त्यातही ही सुलभाकडे जाऊ दे म्हणून सांगून गेली, म्हणाला. वहीच्या शेवटी, गाळलेल्या त्या प्रकरणात, घडी घातलेला कागद होता. माझंच प्रूफ, कव्हरच्या आतल्या पानाचं. वेलांट्यांना लाल खुणा. सरांच्या नावाला तिनं हातही लावला नव्हता. पण त्याच्याखाली, रिकाम्या जागेत, लाल शाईनं तिच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ वाढवली होती... 'अक्षरजुळणी : सुलभा पाटील.'

ही दुरुस्ती तिनं मला दिलेल्या कागदावर नव्हती. का नव्हती, ते आता कुणाला विचारू?

मी लाल पेन घेतलं. सरांच्या नावावर काट मारली आणि वर लिहिलं, 'लेखन : निर्मला तायडे.' मग खालच्या ओळीपाशी माझं बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. शेवटी माझ्या त्या नावावरही मी काट मारली.