डोळे शेवटी

मामीचा फोन आला तेव्हा मी मोपाच्या विमानतळावर ड्युटीला होते. "तुझो मामा गेलो गो..." एवढंच ती म्हणाली. काचेपलीकडे विमानं उतरत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक काळा कुत्रा कड्याला लोंबकळत होता. कोरगावच्या आमच्या बाबलमामाची आठवण त्या कुत्र्यापासूनच सुरू होते, त्याला माझा इलाज नाही.

मामा चवथीचे गणपती घडवायचा. सगळी मूर्ती रंगून झाली की शेवटी डोळे घालायचा, मग ब्रश खाली ठेवून आपणच केलेल्या मातीपुढे हात जोडायचा. गणपती घरोघरी गेले की त्याची चित्रशाळा एकदम ओकीबोकी दिसायची. मग तो दारंखिडक्या लावून घ्यायचा, भिंतीवर धोतर ताणायचा आणि हाताने फिरवायचा जुना प्रोजेक्टर काढायचा. पोर्तुगीज गेले तेव्हा मांद्र्यातल्या कुणा साहेबाने जाताजाता तो त्याच्या वडलांना दिला होता, सोबत एकच रीळ. शंभरेक वर्षांपूर्वीचं मुकं कार्टून, काढणाऱ्याचं नावही नसलेलं. रबरासारख्या पायांचा कुत्रा शेपटीची शिडी करून चंद्राकडे निघायचा, घसरायचा, कड्याला लटकायचा... आणि फिल्म तिथेच तुटलेली. दरवर्षी आम्ही पोरं विचारायचो, तो पडला काय? बघूया, मामा म्हणायचा. कुणीतरी आखलेली रेघ चालते, डोकं खाजवते, घाबरते, हे बघताना मी श्वास घ्यायला विसरायचे. आज फोनवर काय काय बघते, पण तसं भारावून जाणं पुन्हा झालं नाही.

म्हातारपणी मामाने तो शेवट स्वतःच काढायला घेतला. बंद पडलेल्या एका थिएटरातून निकामी फिल्म आणली, धुऊन कोरी केली आणि गणपतीचे डोळे घालायच्या ब्रशाने तिच्यावर नखाएवढी चित्रं काढत बसला. मी त्याची खूप थट्टा केली. शेवटचं भेटले तेव्हा अंगणात काजूबिया सुकत होत्या. त्याने माझ्या हातात भिंग दिलं. "सगळा झाला गो, फकत डोळे रवले." दुसऱ्या कुणी एकेक चित्र पुरं केलं असतं, पण हा पडला मूर्तिकार! शेकडो कुत्रे आणि एकालाही डोळे नाहीत. मामी कातावली होती. तो शांतपणे म्हणाला, "मूर्ती पुरी झाल्याशिवाय डोळे घालूचे नसतत." डोळे चवथीला घालायचे त्याने ठरवलं होतं, आणि चवथीआधीच तो गेला.

बारावा झाल्यावर मामीनेच चित्रशाळेची दारं लावली. जुन्या रिळाला मामाने आपला तुकडा जोडूनच ठेवला होता; हँडल मी फिरवलं. तुटलेली जागा आली... आणि कुत्रा पडला. कान पसरून, तरंगत, थेट कोरगावच्या शेतातल्या चिखलात! मागे आमच्या देवळाची दीपमाळ. तो उठला, चिखल झटकला आणि आमच्याकडे चालत आला. एवढं मोठं काहीतरी मामाच्या हातात होतं आणि आम्ही त्याला नाद म्हणत होतो. कुत्र्याचं तोंड धोतरभर झालं. डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या खाचा.

मामीने उठून दार उघडलं. मग म्हणाली, "आता तूच घाल गो."

या चित्रशाळेत मामाशिवाय कुणी कधी डोळे घातले नव्हते. आठवडाभर माझा धीर झाला नाही. परवा बसले. करवंटीत त्याचा ब्रश होता तसाच होता. पहिल्या चित्रावर दोन ठिपके ठेवले आणि भिंग लावलं. नखाएवढा कुत्रा माझ्याकडे बघत होता. मी ब्रश खाली ठेवला आणि हात जोडले.