लाल धाग्याचं कार्ड

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या स्टँडवर निमगाव केतकीच्या गाडीत बसलो होतो. त्यालाच भेटायला निघालो होतो. बारा वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट आज सांगून टाकायची, असं ठरवून. गाडी सुटली तरी मी उतरलो नाही...

साखर कारखान्याच्या संगणक विभागात आम्ही दोघंच. मी डिप्लोमावाला, तो निमगावजवळच्या वरकुट्याचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, सगळं हाताळून शिकलेला. उसाच्या वजनकाट्यावरच्या संगणकात दोन नेटवर्क कार्डं होती, दिसायला अगदी जुळी. एकाची केबल काट्याकडं जायची, दुसऱ्याची ऑफिसकडं. कार्डांच्या नावांचं सोपानला भारी कौतुक. विंडोजवाला संगणक कार्डाची जागा बदलली की त्याला नवंच समजून नावापुढं दोन, तीन असे आकडे लावत सुटतो. त्यानं घरी हौसेनं बसवलेली बीएसडी नावाची प्रणाली कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरवरून, म्हणजे कार्डाच्या जातीवरून नाव देते, तर काट्यावरचं लिनक्स कार्ड कुठल्या खाचेत बसलंय ते बघतं. "त्ये कुळावरनं हाक मारतंय, आन् हे दावणीवरनं," तो म्हणायचा. त्याचा स्वतःचा भरवसा मात्र खुणेवर. वडील कळपातल्या मेंढीच्या गळ्यात रंगीत लोकर बांधायचे, तशी यानं काट्याच्या कार्डाला लाल आणि ऑफिसच्या कार्डाला निळी लोकर बांधली होती. मी त्याला यावरून यथेच्छ चिडवत असे.

ऐन हंगामात तो बहिणीच्या लग्नाला गेला. संगणकात भुसा साचला होता म्हणून मी पेटी उघडली, दोन्ही कार्डं काढून पुसली आणि परत बसवली. केबली धाग्याचा रंग बघून नीट जोडल्या. कार्डं मात्र एकमेकांच्या खाचेत गेली होती. लिनक्सनं खाच बघून नावं दिली, नावाबरोबर नेटवर्कचे पत्तेही अदलाबदल झाले आणि काटा बंद पडला. ट्रॅक्टरांची रांग पार गेटबाहेर गेली, ऊस उन्हात वाळायला लागला, ड्रायव्हर शिव्या घालू लागले. सोपानला मांडवातून बोलावून आणलं. त्यानं पेटी उघडून बघितली, सेटिंगच्या दोन ओळी बदलल्या आणि काटा सुरू झाला. साहेबांनी मात्र सगळं खापर त्याच्या लोकरीवर फोडलं आणि त्याला दोन हंगाम भांडारात पाठवलं. मी तिथंच उभा होतो. पेटी मी उघडली होती, हे सांगितलं नाही.

जाताना तो एवढंच म्हणाला, "विलासराव, काट्याकडं ध्यान ठेवा." त्यानंतर त्या पेटीला मी कधी हात लावला नाही. आमचं जाणं-येणं तसंच राहिलं, दिवाळीला त्याच्या घरून करंज्या यायच्या, आणि दर वेळी सांगू सांगू म्हणत मी चहा पिऊन परतायचो. भित्रा होतो, दुसरं काय.

सोपान जायच्या आठवडाभर आधी काट्यावरचा तो संगणक मोडीत निघाला. माहितगार म्हणून मलाच पेटी उघडायला लावली. लोकरीचा लाल रंग विटून गेला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता, त्यावर सोपानचं गोल गोल अक्षर. पुढं कुणी पेटी उघडली तर घोटाळा होऊ नये म्हणून लिहून ठेवलेलं: "लाल आन् निळं कार्ड एकमेकाच्या जागी बसल्यालं हाय. विलासरावांकडनं झालंय. त्यांना कुणी इचारू नये, त्ये सोताहून सांगत्याल."

खोलीत काट्यावरची चार माणसं होती. मी तो कागद त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचला, माझ्या नावासकट. मग लाल धागा सोडवला आणि नव्या संगणकातून काट्याकडं जाणाऱ्या केबलीला बांधला.